पाय घसरून

३ मार्च

ताई,

पोचलो. नमस्कार, खुशाली, दाजींच्या गुडघ्यांची चौकशी, सगळं या एका ओळीत आलं असं समज, कारण सांगायचं खूप आहे. तू फोन कर म्हणाली होतीस, पण फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो. एकोणीस वर्षं परक्या गोद्यांमधून, जहाजांना जोड मारता मारता, तुला पत्रंच लिहिली. तीच सवय बरी.

आपलं गाव ओळखू येत नाही गं. बस आता देवळाच्या पायथ्याशी येतच नाही. अलीकडे अर्धा डोंगर कापून मैदान केलंय, तिथे सोडते. पायऱ्या त्याच, साडेसातशे, पण पहिल्या दोनशे पायऱ्यांना दोन्हीकडून काचेची दुकानं चिकटलीत. वर घंटेला मोटर बसवलीय. दर पाव तासानं ती आपली आपण वाजते, आणि पुजारी कानात कापसाचे बोळे घालून बसतो. मी हसलो तर म्हणाला, "हसा, तुम्ही दोन दिवसांचे." रोपवेचे नऊ खांब उभे राहिलेत. सहावा बरोबर आपल्या जुन्या घराच्या जागी.

बाबा म्होरके होते तेव्हा साठ खुर्चीवाले होते, आठवतं? आता बावीस उरलेत. तेही किती दिवस? पाळण्यात बसून चार मिनिटांत देवळात जाता येणार असेल, तर वेताच्या खुर्चीत बसून चौघांच्या खांद्यावरून तास तास हलत कोण जाईल?

दादा रोपवेचा मुकादम आहे. तो आला की माणसं उठून उभी राहतात. मी उतरल्या उतरल्याच त्याचा वट बघितला. एका हॉटेलचा एजंट एका म्हाताऱ्या बाईची पिशवी ओढत होता. मध्ये एक खुर्चीवाला पडला, तर एजंटानं कमरेचा पट्टा काढून बकलानं त्याला हाणलं. कान फाटला, रक्त मानेवरून खाली. तेवढ्यात दादा आला. एजंटाची मान धरली आणि जीपच्या बॉनेटवर त्याचं तोंड दोनदा आपटलं. दात पडल्याचा आवाज मी ऐकला. मग रुमालानं हात पुसून दादानं मला मिठी मारली. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

तो कान फाटलेला म्हणजे आपला हत्ती. अजून तसाच दरवाज्याएवढा. लहानपणी मला खांद्यावर बसवून पायऱ्या चढायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या दादाच्या हाताकडे पाहिलं आणि चालू लागला. एवढ्या वर्षांनी ओळखलं नसेल.

दादाच्या नव्या घरी उतरलोय. वरच्या स्थानकाचे लोखंडी कठडे करायचं काम त्यानं मला दिलंय. वहिनी फारसं बोलत नाही. तू कधी येतेस?

तुझा धाकटा

१२ मार्च

धाकट्या,

पत्र शिवणखोलीत मिळालं. इस्पितळाच्या दोनशे चादरींना दुमड घालायची होती, ती तशीच ठेवून वाचलं. मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, "कोणाचं एवढं?" म्हटलं, माझ्या मुलाचं. चुकून गेलं तोंडातून. आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, तेव्हापासून मला तसंच वाटतं.

तू सुखरूप आलास, बरं वाटलं. पण दादाकडे राहू नकोस. लॉजवर खोली घे. इतकी वर्षं एकटा राहिलेला माणूस संसारी घरात अडचण होतो, एवढंच कारण समज. आणि रोपवेचं काम घ्यायची काय घाई होती? इथे गॅरेजवाल्याला वेल्डर हवाय, मी बोलून ठेवलंय.

हत्तीनं तुला ओळखलं नसेल असं तुला वाटतं? तो माणूस खांद्यावरच्या वजनावरून खुर्चीत बसलेल्याचं वय सांगायचा. जाऊन भेट त्याला. एकटा जा.

पायऱ्यांवरचं टाकीचं वळण अजून तसंच आहे का? तिथली भिंत ठेंगणी आहे. बाबा तिथूनच गेले, म्हणून सांगते. तिथे रेंगाळू नकोस, आणि दादाबरोबर तर नकोच.

वहिनी पूर्वी खूप बोलायची. बोलून मला वेड लावायची.

ताई

२४ मार्च

ताई,

कपाळावर चार टाके पडलेत, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय. घाबरू नकोस.

तुझं पत्र वाचून जरा रागच आला होता. दादानं मला पहिल्या दिवसापासून हातावर झेललंय, आणि तू एकोणीस वर्षं इकडे फिरकलीही नाहीस. दादा म्हणतो, "तिला आपल्या गावाची लाज वाटते." मी तुझी बाजू घेतली, पण जोर नव्हता त्यात.

झालं असं. परवा सकाळी खुर्चीवाले खालच्या स्थानकासमोर येऊन बसले. बावीस माणसं, मध्ये रिकाम्या खुर्च्या. म्हणाले, "आम्हाला रोपवेवर कामं द्या, नाहीतर पहिला पाळणा आमच्या डोक्यावरून जाऊ दे." दादानं पाच मिनिटं समजावलं. मग त्याची माणसं सळया घेऊन आली. त्यांनी आधी खुर्च्या फोडल्या. वेत मोडताना कसला आवाज येतो गं! मग माणसं. एका म्हाताऱ्याचं मनगट माझ्यासमोर उलटं वळलं. खालून दगड सुरू झाले. मी दादाशेजारी उभा होतो. डोळ्यांपुढे काहीतरी पांढरं चमकलं, आणि पुढचं कळलं तेव्हा दादा मला पाठीवर टाकून दवाखान्याकडे पळत होता. बावन्नाव्या वर्षी, चढावर! त्याच्या शर्टाला माझं रक्त लागलं होतं आणि तो रडत होता. आता सांग.

संध्याकाळी चौकीतले साहेब घरी आले. दगड हत्तीनं मारला असं मी लिहून दिलं. मी बघितलं नव्हतं, पण दादानं बघितलं होतं. मजकूर त्यानं सांगितला, मी सही केली. हत्तीला त्याच दिवशी उचलला. मला वाईट वाटलं, पण माणसाच्या डोक्यात दगड घालायचा म्हणजे काय?

पट्टी बदलताना वहिनी पहिल्यांदा बोलली. "भाऊजी, तुम्ही परत जा." चार दिवस जास्तीचं जेवण करावं लागलं तर लगेच जड झालो बहुतेक.

धाकटा

१ एप्रिल

धाकट्या,

टाके ओले ठेवू नकोस. आता पुढचं नीट वाच.

तू जे बघितलं नाहीस त्याखाली सही केलीस. बाबांचा मुलगा तू! ज्या माणसानं तुला खांद्यावर वाढवलं, त्याला तू आत घालवलंस, आणि मला लिहितोस की वाईट वाटलं. मी समोर असते तर दुसऱ्या बाजूलाही चार टाके पडले असते.

उद्याच्या उद्या चौकीत जा आणि सांग की मी पाहिलं नव्हतं. मग पहिली बस धर. सामान राहिलं तर राहू दे.

वहिनी तुला जेवणावरून बोलली नाही. एवढी वर्षं जहाजं जोडलीस, माणसं काय बोलतात ते कधी शिकणार? ती बाई तुझ्यावर उपकार करत होती.

का, कशासाठी, हे विचारू नकोस. काही गोष्टी कागदावर ठेवता येत नाहीत. दादा रडला असेल, खोटं नाही म्हणत. तो रडतो. नंतर नेहमीच रडतो.

ताई

९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं आणि मी चौकीत गेलो नाही. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहायची हिंमत होईल.

हत्तीला सोमवारी सोडलं. त्याच सकाळी रोपवेच्या कंपनीनं खुर्चीवाल्यांची शेड पाडली. तीच, देवळाच्या मागची, जिच्यात बाबा दुपारी पाठ टेकायचे. आधी जेसीबी फिरवला, मग उरलेल्या लाकडांना आग लावली. हत्ती पायऱ्या चढून आला तेव्हा धूर निघत होता. तो थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ जेसीबीवाल्याला बाहेर ओढून जमिनीवर आपटलं. मग दादाची माणसं धावली.

तो पळाला नाही. मारत मारत खाली सरकत गेला. दोघांना त्यानं लोळवलं. एकाचा जबडा लोंबत होता. टाकीच्या वळणावर पाच जणांनी त्याला घेरला, त्यात दादा होता. मी तिथून तीसेक पायऱ्या वर, कठड्याच्या चौकटीजवळ उभा होतो. डोक्यावर सरकवलेली वेल्डिंगची काच. सकाळी मी कठड्यासाठी पाइप कापून रचून ठेवले होते. दादा वर आला, त्यातला एक उचलला, हातात तोलून बघितला, माझ्याकडे बघून मान हलवली, एखादं काम ठीक झालं की हलवतात तशी, आणि खाली गेला.

त्यांनी हत्तीला पालथा धरला. दादानं त्याचे गुडघे मागून फोडले. घाई नव्हती. एक, मग दुसरा, मग परत पहिला. हत्ती ओरडला नाही, तो माझं नाव घेत होता. ताई, शंभर एक माणसं पायऱ्यांवर उभी होती. वरून घंटा वाजली, मोटरीची. मी काच डोळ्यांवर ओढून घेतली. काळ्या काचेतून दिवसा काही दिसत नाही. मी तसाच उभा राहिलो.

दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरनं लिहिलं: "पायऱ्यांवरून पाय घसरून पडला." मी स्वतः वाचलं. दादानं जेवताना मला सांगितलं, "कोणी विचारलं तर तू वर कामात होतास." आणि माझ्या ताटात वाढलं.

तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. बाबा गेले तेव्हा मी वेल्डिंग शिकायला खाली शहरात होतो. धावत आलो तोवर सगळं झालं होतं. बाबांच्या कागदावरही हेच होतं ना, पाय घसरून? चाळीस वर्षं त्या पायऱ्या चढलेला माणूस. खाली साक्षीदार म्हणून तुझी सही होती.

ताई, बाबा घसरले होते ना?

१४ एप्रिल

धाकट्या,

नाही.

रोपवेचे मोजणीवाले पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. खुर्चीवाल्यांचा अंगठा लागल्याशिवाय त्यांना पायऱ्यांच्या कडेची जागा मिळत नव्हती, आणि बाबा अंगठा देत नव्हते. दादाला त्यांनी मुकादमी कबूल केली होती. त्या दुपारी मी बाबांसाठी पाणी घेऊन खाली उतरत होते. टाकीच्या वळणावर दोघं भांडत होते. बाबा म्हणाले, "तुझा खांदा पहिल्यापासूनच कच्चा. तुला ओझं नको, नुसता मान हवा." दादाच्या हातात खुर्चीचा दांडा होता. त्यानं तो बाबांच्या डोक्यात घातला. बाबा खाली बसले. मग त्यानं परत घातला. बाबा आडवे झाले, तेव्हा त्यानं त्यांना दोन्ही हातांनी लोटत लोटत भिंतीपर्यंत नेलं आणि पलीकडे टाकलं. जड होते बाबा. त्याला वेळ लागला.

मग त्यानं मला पाहिलं. वर आला, माझ्या हातातलं पाणी प्यायला आणि रडला. म्हणाला, "बोललीस तर धाकटाही याच भिंतीवरून जाईल." त्याच दिवशी मी सही केली.

महिन्याभरात तुला परदेशी पाठवला. तू म्हणायचास, ताईला मी डोळ्यांसमोर नको होतो. म्हणू दिलं. त्यानंतर दाजींचं स्थळ आलं. बिजवर, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, गावापासून खूप लांब. मी चेहरासुद्धा न बघता हो म्हटलं. माणूस देवासारखा निघाला, ते नशीब.

दाजींना हे आज सकाळी सांगितलं. ते उठून कपडे करायला लागले. म्हटलं, कुठे? म्हणाले, "वकिलाकडे. आणखी कुठे?"

तू काही करू नकोस. तुला माझी शपथ. मी येईपर्यंत त्याच्या घरातून बाहेर पड, एवढंच कर.

ताई

२३ एप्रिल

ताई,

चौकीच्या कोठडीतून लिहितोय. शिपाई भला आहे, कागद त्यानंच दिला. डाव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत, नाहीतर बरा आहे. तुझी शपथ मोडली.

पत्र दुपारी आलं. मी ते घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेलो. दादा जेवत होता, वहिनी वाढत होती. मी उभ्यानं मोठ्यानं वाचायला लागलो. तो जेवत राहिला. "त्याला वेळ लागला" इथपर्यंत आलो आणि ताट माझ्या तोंडावर आलं. ओठ चिरला. मग तो स्वतः आला. त्यानं माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं, बोटं मागे वाकवली, मोडेपर्यंत. मला शेगडीवरचा तवा सापडला. गरम होता. मी तो त्याच्या खांद्यावर घातला, हाड मोडलेलं हाताला कळलं, आणि मी परत घातला. ताई, मला थांबावंसं वाटत नव्हतं. आनंद होत होता, हेही लिहितो.

झोंबत झोंबत मागच्या गच्चीवर गेलो. तिला अजून कठडा नाही, खाली सरळ दरी. तो काठावरून गेला. मी त्याची कॉलर धरली, का धरली माहीत नाही. तो लोंबकळत माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "सोड. काय लिहायचं ते चौकीवाल्यांना पाठ आहे."

मी सोडणार होतो. पकड सैल केलीच होती. तेवढ्यात वहिनीनं आडवं पडून त्याचा धड हात धरला आणि म्हणाली, "ओढा, भाऊजी. एवढ्या सहज नाही जायचे हे." आम्ही दोघांनी त्याला वर ओढला. मग ती गच्चीच्या टोकाला उभी राहिली आणि ओरडायला लागली. साऱ्या उतारावरची घरं बाहेर आली. "यांनी सासऱ्यांना मारलं! रक्ताचा शर्ट मी धुतला! या हातांनी धुतला!" घसा बसेपर्यंत तेच. एकोणीस वर्षांचं न बोलणं तिनं एका दुपारी संपवलं.

खुर्चीवाले आले, पण कोणी त्याला हात लावला नाही. आम्ही सगळे चालत चौकीत आलो. हत्तीविरुद्ध दिलेली खोटी साक्ष मी मागे घेतली. पाइप मी कापलेला होता आणि मी बघत उभा होतो, हेही लिहून दिलं. दादाला पोलिसांच्या पहाऱ्यात इस्पितळात ठेवलंय. माझ्यावर मारहाणीचा आणि खोट्या साक्षीचा, असे दोन गुन्हे आहेत. दोन्ही खरे आहेत.

तू येऊ नकोस असं म्हणणार होतो. ये.

धाकटा

११ मे

धाकट्या,

तुरुंगात पत्र उघडून वाचतात म्हणे. वाचू देत.

मी आले. दाजी खाली लॉजवर आहेत, गुडघ्यांमुळे. मी पायऱ्यांनी वर गेले, वहिनीबरोबर. तू लिहिलंस ते सगळं बघितलं, काचेची दुकानं, बोळेवाला पुजारी. रोपवे सोमवारी सुरू झाला. पाळण्यातली माणसं खाली बघून हात हलवतात. वळणावर मी भिंतीला हात लावला. मला वाटलं होतं, चक्कर येईल. भिंत होती नुसती. उन्हानं तापलेली.

हत्तीचा उजवा पाय मांडीपासून काढला. त्याची बायको माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यानं मात्र मला बसायला सांगितलं. तुझ्याबद्दल विचारलं. म्हणाला, "त्यानं काच ओढली ते मी बघितलं. सुटला की पाठवा त्याला माझ्याकडे. मारायला मला आता उठता येणार नाही, पण यायला सांगा." मी वचन दिलंय.

दादानं निरोप पाठवला होता. वहिनी म्हणाली, जाऊ नका वन्सं. मी गेले. खाटेला एक हात बांधलेला, दुसरा प्लास्टरमध्ये. दाढी सगळी पांढरी. मला म्हणाला, "म्हातारी झालीस." मला वाटलं, आता रडेल. रडला नाही. म्हणाला, "एक विचारायचं होतं. तू दहा पायऱ्या वर होतीस. पहिल्या दांड्यानंतर बाबा नुसते बसले होते. तेव्हा ओरडली असतीस तर मी थांबलो असतो. का नाही ओरडलीस?"

मी उठून आले. वहिनीलाही सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तूही वर उभा राहून बघितलं आहेस.

पहिल्या दांड्यानंतर मला वाटलं, बाबा आवरतील त्याला. नेहमी आवरायचे. दुसऱ्यानंतर वाटलं, आता ओरडले तर हा वर बघेल. बस, एवढंच. हा वर बघेल. घागर वाजू नये म्हणून मी ती छातीशी धरून उभी होते.

वकील म्हणतात, हे कोर्टात बोलायची गरज नाही. पण त्याचा वकील विचारणार, आणि मी आता विचारलेल्याला उत्तर न देता सही करायची नाही असं ठरवलंय. साक्ष गुरुवारी अकराला आहे. तो समोरच बसलेला असेल. बघेल माझ्याकडे. बघू दे.

ताई